न बोललेली माया

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



कमिटीनं मला बोलायला सांगितलं तेव्हा एकच अट घातली. "बाई, विषय तुमच्या आवडीचा घ्या. फक्त पाणी, पार्किंग आणि मेंटेनन्स नको." मी म्हटलं, बरं झालं. या तिन्ही विषयांवर गेल्या २५ वर्षांत आपण इतकं बोललोय, की आता नवीन काही उरलेलं नाही. म्हणून मी असा विषय घेतला, ज्यावर आपण मीटिंगमध्ये सोडाच, घरातसुद्धा बोलत नाही. आपल्या माणसावरची माया आपण न बोलता कशी दाखवतो, आणि ती समोरच्याला कळते की नाही, एवढाच आजचा विषय.

मी ३२ वर्षं या तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं. पोरं काय बोलतात यापेक्षा ती कशी बसतात, कुणाशेजारी बसतात, हे बघायची सवय तिथंच लागली. पहिलीतलं पोर मनातलं दुखणं सांगत नाही. ते बाईंच्या टेबलाजवळ येऊन नुसतं उभं राहतं. पदराला हात लावून बघतं. तेवढ्यावरून ओळखायचं, की आज घरी काहीतरी बिनसलंय.

आता आपल्या घरांकडे बघू. आपल्यापैकी बहुतेकांच्या आईवडिलांनी एकमेकांना "माझं तुझ्यावर प्रेम आहे" असं जन्मात म्हटलं नसेल. नवऱ्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही. "अहो" म्हणायचं, नाहीतर "बाळूचे बाबा". नाव घ्यायची वेळ आलीच तर उखाण्यात लपवून घ्यायचं, आणि तेही मान खाली घालून. मग या घरांत माया नव्हती का? होती, भरपूर होती. फक्त ती तोंडात नव्हती, हातात होती.

माझं माहेर इथलंच, भाताच्या खाचरांमधलं. आवणीच्या दिवसांत आई दिवसभर चिखलात वाकून रोपं लावायची. संध्याकाळी घरी यायची ती भिजून, गारठून. वडील तिला "दमलीस का गं" असं कधी म्हणाल्याचं मला आठवत नाही. पण ती उंबऱ्यात पाय ठेवायच्या आत चूल पेटलेली असायची आणि चुलीवर पाण्याचं पातेलं असायचं. तेच वडील पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी करायचे. गरम पाण्यानं खांदे शेकायचे, मग हळद आणि तूप चोळायचं. जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांवरून त्यांचा हात इतका हळू फिरायचा, की हाच माणूस आपल्यावर ओरडतो हे खरं वाटायचं नाही.

अशा खुणा प्रत्येक घरात आहेत. परीक्षेला निघालेल्या पोराच्या तळहातावर घातलेलं दही. दृष्ट काढून झाल्यावर आजीनं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडलेली बोटं. सासरी निघालेल्या लेकीच्या पिशवीत तिला न सांगता टाकलेली इंद्रायणी तांदळाची पुरचुंडी. एसटी सुटून वळणाआड जाईपर्यंत स्टँडवर उभे राहिलेले वडील. यात एकही शब्द नाही, पण लेकीला सगळं कळतं आणि ती खिडकीतून तोंड फिरवून डोळे पुसते.

व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत एक आकडा नेहमी सांगतात. माणसाच्या बोलण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आलेत, पण ते सांगताना अर्धीच गोष्ट सांगतात. शब्द एक म्हणतायत आणि सूर किंवा चेहरा दुसरंच म्हणतोय, अशा वेळी या माणसाला आपण आवडतो की नाही, हे ऐकणारा कशावरून ठरवतो, एवढाच तो प्रश्न होता. सगळ्या बोलण्याला हे गणित लावू नका, असं त्यांनी स्वतःच सांगून ठेवलंय. आणि ते बरोबरच आहे. गॅसचं सिलिंडर कधी येणार, हे काही भुवया उडवून सांगता येत नाही.

पण मायेच्या बाबतीत त्यांचं म्हणणं आपल्याला रोज पटतं. बायको म्हणते, "मला काही झालेलं नाही," आणि त्याच वेळी ओट्यावर कढई आदळते. इथं बसलेल्या सगळ्या पुरुषमंडळींनी प्रामाणिकपणे सांगावं, तुम्ही बायकोवर विश्वास ठेवता की कढईवर?

हे वाचायला आपण कुठं शिकतो? पाळण्यातच. अमेरिकेतल्या एडवर्ड ट्रॉनिक यांचा एक प्रयोग १९७८ साली प्रसिद्ध झाला. आई आपल्या तान्ह्या बाळाशी हसत-खेळत असते. मग तिला सांगतात, आता दोन-तीन मिनिटं बाळाकडे बघायचं, पण चेहरा दगडासारखा ठेवायचा. आई समोरच आहे, कुठं गेलेली नाही, रागावलेलीही नाही. तरी बाळ लगेच बावरतं. आधी हसून बघतं, हातपाय हलवतं, आवाज काढतं. आईच्या चेहऱ्यावर काहीच उमटत नाही असं दिसलं की हिरमुसतं, तोंड फिरवतं, रडकुंडीला येतं. ज्याला अजून एक शब्द येत नाही, त्याला आईचा चेहरा "बंद" झालेला कळतो.

मी हे वाचलं तेव्हा मला आपल्या सगळ्यांच्या हॉलमधला सोफा आठवला. पोर शाळेतलं काहीतरी सांगतंय आणि आपण मोबाईलमध्ये मान घालून "हं, हं" म्हणतोय. आपण तिथंच आहोत, रागावलेलोही नाही. पण पोरानं आपल्या चेहऱ्याकडे बघितलं तर त्याला तिथं काय दिसतं?

आता हाताबद्दल. २००६ साली जेम्स कोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १६ विवाहित स्त्रियांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना मेंदूची तपासणी करणाऱ्या मशिनमध्ये झोपवलं आणि सांगितलं, समोर ठरावीक खूण दिसली की कदाचित पायाला विजेचा बारीकसा झटका बसेल. कधी हात धरायला कुणीच नाही, कधी अनोळखी माणसाचा हात, कधी नवऱ्याचा. हात धरलेला असला की भीतीनं मेंदूत होणारी धावपळ कमी व्हायची. अनोळखी हातानंही थोडा फरक पडला, नवऱ्याच्या हातानं सगळ्यात जास्त पडला. आणि ज्यांचं आपसात चांगलं पटत होतं, त्यांना तर आणखी जास्त. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत स्ट्रेचरबरोबर हात धरून चालणारी आपली माणसं काही उगाच चालत नसतात.

याचा अर्थ नुसतं जवळ असणं किंवा नुसता स्पर्श म्हणजे माया, असं मात्र नाही. एडवर्ड हॉल नावाच्या अभ्यासकांनी १९६६ सालच्या पुस्तकात माणसामाणसांमधली अंतरं मोजून मांडली. त्यांच्या हिशेबानं साधारण दीड फुटाच्या आत आपण फक्त अगदी जवळच्या माणसाला येऊ देतो. त्यांचे हिशेब अमेरिकेतले होते. आपल्या काळीपिवळी जीपमध्ये ते कधी बसले असते तर पुस्तक पुन्हा लिहावं लागलं असतं! घोटीहून निघालेल्या जीपमध्ये अनोळखी माणूस आपल्या मांडीवरच बसायचा बाकी असतो. पण तिथं प्रत्येक जण खिडकीबाहेर बघत असतो, अंग चोरून असतो. अंगाला अंग लागलेलं असूनही मधे भिंत असते. स्पर्शात माया येते ती दोघांनाही तो हवा असेल तेव्हाच.

म्हणून आजी-आजोबांना एक विनंती. "ये, पापी दे" म्हटल्यावर नातवंडानं नको म्हटलं, तर ओढून घेऊ नका. शाळेत आम्ही मुलांना चांगला स्पर्श आणि वाईट स्पर्श शिकवतो. नको वाटलं तर नाही म्हण, असं सांगतो. ते नाही घरात ऐकलं गेलं, तरच पोर बाहेर म्हणू शकेल. थोडा धीर धरा, ते आपणहून मांडीवर येऊन बसेल.

मोठ्या होणाऱ्या मुलांचंही असंच आहे. चौदा-पंधराव्या वर्षी मुलगा रस्त्यात आईचा हात झटकतो. आयांना वाईट वाटतं. त्यांना मी सांगते, त्याला कळसूबाईला घेऊन जा. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, १६४६ मीटर, आपल्या इथून बारी गाव काही लांब नाही. वरच्या लोखंडी शिड्यांपाशी तोच मुलगा आधी चढतो, मागं वळतो आणि "आई, हात दे" म्हणतो. हात धरायची पद्धत बदलली, एवढंच. आता तो देणारा झाला.

आता थोडं आमच्या घरातलं सांगते. इथं बहुतेकांना माहीत आहे, पण बोललेलं नाही. आमचे हे भात गिरणीत हिशेबनीस होते. चार वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात बराचसा सुधारला, पण वाचा गेली. पूर्वी आपल्या सोसायटीच्या सभेत हिशेब तपासताना एकेक रुपयावरून तासभर बोलणारा माणूस. आता "हो", "नाही" आणि "अगं" एवढे तीनच शब्द राहिलेत, आणि त्यातही हो म्हणायचं असताना नाही निघतं.

डॉक्टरांनी समजावलं, की बहुतेक माणसांत भाषेचं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं. १८६१ साली पॅरिसमध्ये पॉल ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी असाच एक रुग्ण तपासला होता. त्याला "टॅन" एवढंच बोलता यायचं, पण लोक काय म्हणतात ते त्याला बरंचसं समजायचं. तो गेल्यावर मेंदूच्या डाव्या बाजूला पुढं इजा सापडली. म्हणजे वाचा गेली म्हणून समज गेली असं नसतं, आणि माया तर नाहीच नाही. अशा काही रुग्णांना बोलता येत नाही, पण पाठ असलेलं गाणं म्हणता येतं. आमच्याकडे तसंच आहे. ज्यांना "पाणी" म्हणता येत नाही, ते संध्याकाळी टाळ वाजला की हरिपाठाच्या सुरात सूर मिसळतात, आणि मधूनच अख्खा शब्द स्पष्ट निघतो. पहिल्यांदा निघाला तेव्हा आम्ही दोघंही रडलो.

आजारपणात सुरुवातीला सगळे आले. पुष्कळ मदत झाली, ती मी विसरणार नाही. पण हळूहळू येणं कमी झालं. मला त्याचा राग नाही, कारण मला त्याचं कारण कळतं. आलेल्या माणसाला प्रश्न पडायचा, की बोलायचं काय? मग कुणी बहिऱ्याशी बोलावं तसं मोठ्यानं बोलायचं. कुणी त्यांच्या समोरच मला विचारायचं, "काय, आता यांना कळतं का काही?" ते तिथंच बसलेले असायचे. त्यांची मान खाली जायची. त्यांना सगळं कळत होतं.

आणि अशात आपल्याच सोसायटीतले एक शेजारी रोज संध्याकाळी यायला लागले. नाव सांगितलेलं त्यांना आवडणार नाही. मुळातच कमी बोलणारे. येतात, गॅलरीत यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसतात. दोघं मिळून खालचा रस्ता बघतात. चहा होतो. अर्ध्या तासानं ते उठतात, यांच्या खांद्यावर हात ठेवतात, दाबतात, आणि जातात. चार वर्षांत दोघांमध्ये चार वाक्यं झाली नसतील. पण साडेपाच वाजले की आमचे हे स्वतःच्या हातानं दुसरी खुर्ची सरळ करून ठेवतात. एखाद्या दिवशी ते गावाला गेलेले असले की यांचं जेवणात लक्ष लागत नाही. वरच्या मजल्यावरचा एक छोटा कॅरम खेळायला येतो. राणी गेली की दोघं एकमेकांना टाळी देतात. इतकी औषधं झाली, स्पीच थेरपी झाली, त्यांचा उपयोगही झाला. पण या खुर्चीनं आणि या टाळीनं जे केलं, ते कुठल्या चिठ्ठीवर लिहून मिळालं नसतं.

आणि माझ्यापुरतं सांगायचं तर, आमच्या यांची एक जुनी सवय आहे. जेवताना शेवटची भाकरी घ्यायच्या आधी टोपलीवरचं फडकं उचलून बघायचं, माझ्यासाठी उरलीय का. लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यापासून ते हे करतात. झटक्यानंतर दवाखान्यातून घरी आले, पहिल्यांदा पाटावर नव्हे, टेबलाशी जेवायला बसले, तेव्हा डाव्या हातानं त्यांनी ते फडकं उचललं. त्या दिवशी मला खात्री पटली, की माझा माणूस परत आलाय.

इथून जवळच इगतपुरीला धम्मगिरी आहे. आपल्यातले काही जण तिथं विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिराला जाऊन आलेत. तिथलं आर्य मौन म्हणजे नुसतं तोंड बंद ठेवणं नाही. खाणाखुणा करायच्या नाहीत, चिठ्ठी लिहायची नाही. ज्यांनी मौनाचा नियम केला त्यांना चांगलं ठाऊक होतं, की माणसाचं तोंड बंद केलं तरी डोळे आणि हात बोलतच राहतात. दहा दिवस स्वतःकडे बघण्यासाठी ते थांबवणं वेगळं. पण आपण संसारी माणसं. आपल्या घरात हे मौन चुकून शिरायला नको. नाहीतर एका घरात चार माणसं, चार खोल्या, चार मोबाईल, आणि मान वर करून बघणारं कुणी नाही.

आपल्या कितीतरी घरांतली मुलं आता पुण्यात, मुंबईत, कुणी परदेशात आहेत. व्हिडिओ कॉलची सोय झाली हे फार चांगलं झालं. पण त्यात एक उणीव आहे. स्क्रीनवरच्या चेहऱ्याकडे बघितलं तर नजर कॅमेऱ्यात जात नाही, म्हणून दोघांची नजरानजर नीट होतच नाही. नात स्क्रीनला पापी देते, आजी स्क्रीनवरून हात फिरवते, मधे काच. म्हणून मुलं सुट्टीला येतील तेव्हा त्यांना फक्त खायला घालू नका. शेजारी बसा. डोक्याला तेल लावा. मोठी झाली असली तरी लावून घेतात.

आता नाण्याची दुसरी बाजू. न बोललेली माया आपोआप कळते असं मी सांगितलं, तर ते खोटं होईल. आग्रह करून तिसरी पुरणपोळी वाढणं ही सासूबाईंची माया असते, पण सूनबाईंना ती जबरदस्ती वाटू शकते. आणि जावयाला साखर असेल तर ती माया थेट डॉक्टरांकडेच पोचवते! वडील रात्री मुलाच्या गाडीचा आवाज येईपर्यंत जागे राहतात. मुलाला वाटतं, पाळत ठेवतात. आपल्या पिढीची भाषा हाताची, नव्या पिढीची शब्दांची. ती फोन ठेवताना सहज "लव्ह यू आई" म्हणून जातात. आपण अवघडून "बरं, ठेव" म्हणतो. त्यांना हसू नका. आणि मुलांनो, तुम्हीही जागणाऱ्या वडिलांवर चिडू नका. दोन्हीकडे माया तीच आहे, थोडं भाषांतर करावं लागतं. जिथं खूण कळत नाही तिथं तोंडानं सांगून टाकावं. "तू येईपर्यंत मला झोप लागत नाही," एवढं एक वाक्य वडिलांनी म्हणायला काय हरकत आहे?

शेवटी रौप्यमहोत्सवानिमित्त एक मागणं. आपण इथं राहायला आलो तेव्हा बहुतेक जण तिशी-चाळिशीत होतो. आता जिन्यात कठड्याला धरून चढणारे वाढलेत. काही घरांत एकच माणूस उरलंय. कुणाला ऐकू येत नाही, कुणाला दिसत नाही, कुणाला बोलता येत नाही. कमिटी लिफ्टचं बघते आहे, त्याबद्दल आभार. पण लिफ्टनं दारापर्यंतच जाता येतं, दार आपल्यालाच वाजवायचंय. आठवड्यातून एकदा अशा एका घरी जा. काय बोलायचं याची काळजी करू नका. मोबाईल खिशात ठेवा, दहा मिनिटं शेजारी बसा, निघताना हात हातात घ्या. त्या घरच्या माणसाशी बोलताना आजारी माणसाकडेही बघा. पुष्कळ झालं.

दर वर्षी आषाढीला आपल्या त्र्यंबकेश्वरहून निवृत्तिनाथांची पालखी पंढरपूरला निघते. वारीत अनोळखी वारकरी समोर आला, तरी एकमेकांच्या पायांना हात लावतात, उराउरी भेटतात. तू कोण, कुठला, कुठल्या जातीचा, कुणी विचारत नाही. "माऊली" एवढाच शब्द, बाकी सगळं हातांनी. अनोळखी माणसांना ते जमतं, तर २५ वर्षं एका जिन्यानं चढणाऱ्या-उतरणाऱ्या आपल्याला का जमू नये?

तुम्ही इतका वेळ शांतपणे ऐकलंत. मधेच माना हलवल्यात, हसलात, दोघी-तिघींनी डोळे पुसले. मला सगळं पोचलं.  सोसायटीच्या सुवर्णमहोत्सवालाही आपण सगळे असेच जवळजवळ खुर्च्या लावून बसू, अशी शुभेच्छा देते आणि थांबते.